तीनचाकीवर वाकायचं नसतं

८ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. हा उभ्या उभ्याच घे, वाकून पुढच्या खेपेला करीन.

कामाचं आधी लिहितो. मला नवी सायकल घ्यायची आहे आणि कुठली घ्यावी ते कळत नाहीये. फोन केला असता, पण फोनवर तू निम्मं ऐकतेस आणि उरलेलं निम्मं स्वतःच्या मनाचं भरतेस. त्यापेक्षा कागद बरा.

काळी सायकल कोपऱ्यावरच्या गवंड्याला देऊन टाकली. जुनी झाली होती. आता कारखान्यात जायचं तर काहीतरी हवंच. तापातून उठल्यापासून मी घरीच आहे हे तुला माहीत आहे. मालकीणबाईंनी परवा निरोप पाठवला की भिंगांचे ट्रे साचलेत, दहा एप्रिलपर्यंत तुमची वाट बघते, त्यानंतर तुमच्या चाकावर दुसरा माणूस बसवावा लागेल, मनात काही आणू नका. मनात न आणायला मन काय कुलूप लावून ठेवलंय? चष्म्याची भिंगं घासण्यात माझा जन्म गेला. त्या चाकावर दुसरा कुणी बसलाय असं नुसतं मनात आलं तरी मी उठून येरझाऱ्या घालायला लागतो.

घरात बसून मी घरालाच त्रास झालोय. सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. तेल फार झालं म्हणून पुसलं. पुसल्यावर दारं कुरकुरली म्हणून पुन्हा घातलं. ही म्हणाली, "आता माझ्या गुडघ्यांना घाला, ते तरी वाजायचे थांबतील."

तर दुकानात तीन सायकली बघून ठेवल्यात. एक गिअरची, हलकी, बारीक टायरची. दुसरी घडीची, चाकं अगदी लहान, पाय चटकन जमिनीला लागतो. तिसरी बॅटरीवाली. तिला पायडल मारलं की ती आपली आपणच पुढे ओढते. मला घडीची बरी वाटते. सायकल फार उंच नको. पाय पटकन टेकला पाहिजे.

तुझं मत लगेच कळव. मी थांबलोय, म्हणजे थांबवत नाहीये.

तुझा,
चुळबुळ्या


१४ फेब्रुवारी

चि. चुळबुळ्यास अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा राखून ठेवलेला.

पत्र मिळालं तेव्हा मी एका बाईच्या पोलक्याच्या बाह्या उसवत होते. कात्री खाली ठेवून दोनदा वाचलं. सायकलीतलं मला ओ की ठो कळत नाही. उभ्या आयुष्यात मी सायकलवर बसलेली नाही. पण शिवणकाम करणाऱ्या बाईला गिऱ्हाइकाच्या अंगाला काय शोभेल ते कळतं, त्या हिशेबानं सांगते.

गिअरवाली नको. तिच्यावर ओणवं होऊन बसतात. तू आधीच दिवसभर चाकावर ओणवा असतोस. घरून कामावर आणि कामावरून घरी ओणवाच राहिलास तर एक दिवस तसाच राहशील आणि सरळ करायला मलाच इस्त्री घेऊन यावं लागेल. बॅटरीवालीचं म्हणशील, तर आपण होऊन पुढे ओढणाऱ्या वस्तूवर माझा विश्वास नाही. आमच्या शेजारणीनं शिलाई मशीनला मोटर बसवली. तिनं पाय ठेवायचा अवकाश, कापड अख्खं दाताखालून निघून जातं. घडीच्या सायकलीचं मला काहीच सुचत नाही, कारण घडी घालतात ती कपाटात ठेवण्यासाठी, वाटेवर बसण्यासाठी नव्हे.

हे झालं सायकलींचं. आता तुझ्याकडे वळते.

तू त्या काळ्या उंच सायकलीवर अर्धं आयुष्य काढलंस. टांग मारून चढायचास आणि चालत्या सायकलीवरून उतरायचास. मी ओरडायचे, तू हसायचास. आणि आता तुला पाय पटकन टेकायला हवा? ती सायकल जुनी झाली म्हणतोस. जुनी झाली म्हणून तू चपलासुद्धा टाकत नाहीस. शिवाय तुझं अक्षर बघ. ओळीत सुरू होतं आणि शेवटाला पार उतारावरून घसरत येतं. अक्षर मोत्यासारखं नसलं तरी तुझं अक्षर सरळ होतं रे.

ताप उतरून किती दिवस झाले? ताप असा असतो होय? नीट सांग. झाकली मूठ परक्यांसाठी असते, बहिणीपुढे उघडावी.

तुझी,
ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,

तुझ्यापुढे मूठ झाकायला गेलो, तू हातच धरलास. ऐक तर मग.

ताप नव्हता. म्हणजे ताप आला, गेला, आणि एका सकाळी डोळे उघडले तर छत फिरत होतं. पंखा नव्हे, छत. मी पलंगाच्या कडा दोन्ही हातांनी धरून ठेवल्या, जसा काही पलंग नदीत सोडलाय. हिला हाक मारली तर ती पण फिरताना दिसली. मग कानाचे डॉक्टर झाले. ते म्हणाले, एका कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग गेला. परत यायचा नाही. दुसरा कान हळूहळू दोघांचं काम शिकेल. तुला ऐकू कमी येतं आणि माझा तोल गेला. आपल्या घराण्याला देवानं कान उरलेल्या मालातून दिलेले दिसतात.

खुर्चीवर बसलो की मी अगदी पहिल्यासारखा. हात तसेच, नजर तशीच. मागचं पत्र पलंगावर पडून लिहिलं, म्हणून अक्षर घसरलं. काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातो. पण कारखाना पुलापलीकडे, तिथवर चालणं जमत नाही. बसनं दोनदा निघालो. बस वळली की पोटातलं सगळं वर येतं. दुसऱ्या वेळी कंडक्टरनंच मला हाताला धरून खाली उतरवलं आणि म्हणाला, "काका, घरी जा." त्याच्या आवाजात माया होती, तीच जास्त लागली.

काळी सायकल मागच्या गल्लीत चालवून बघितली. बसलो आणि पडलो. पुन्हा बसलो, पुन्हा पडलो. गवंडी बघत होता. रागाच्या भरात त्यालाच म्हटलं, घेऊन जा ही. तो घेऊन गेला. आता रोज तिच्यावरून जाताना मला घंटी वाजवून नमस्कार करतो. घंटी ऐकली की मी आत जातो. घडीची सायकल दुकानदाराकडून फेरी मारायला म्हणून आणली होती. कोपर सोलवटून परत दिली.

आता राहिलेलं सांगतो. डॉक्टर म्हणाले, सायकल सोडू नका, दोन चाकं सोडा, तीनचाकी घ्या. मोठ्या माणसांची मिळते. दुकानात आहे एक. मागे दोन चाकं, त्यांच्यामध्ये ही एवढी टोपली. ताई, ती बघून मला रडू यायचं बाकी होतं. लहान पोरं ती चालवतात, नाहीतर म्हातारे. तीन तिघाडा, काम बिघाडा! त्या रस्त्यावरून मी वाऱ्यासारखा गेलोय. तिथूनच आता टोपली घेऊन रांगत जाऊ? कारखान्यातला फ्रेम बसवणारा तर माझी वाटच बघत असेल.

तूच सांग, हे माझ्या अंगाला शोभेल का? नाही म्हणालीस तर बरं होईल.

तुझा,
चुळबुळ्या

(वाकून नमस्कार का केला नाही ते आता कळलंच असेल.)


२६ फेब्रुवारी

चि. चुळबुळ्यास आशीर्वाद. धपाटा मागे घेतला आहे.

तुझं पत्र वाचलं आणि उठून पाणी प्यायले. मग मशीनवर बसले, पण टीप वाकडी जायला लागली तेव्हा उठले. तू पलंगाच्या कडा धरून पडला होतास आणि मी इथे लोकांच्या परकरांना नाड्या ओवत होते. कळवलं का नाहीस, हे विचारत नाही. मीही कळवलं नसतं.

पण "नाही म्हण" म्हणून मला विचारतोस, हे बरं नाही. मी म्हणते, बस तीनचाकीवर. उद्याच बस.

शोभेल का म्हणे! अरे, मापाचा कपडा शोभतोच. आखूड झालेला सदरा फक्त लहानपणी चांगला दिसायचा म्हणून कुणी घालून फिरतं का? लोक हसतील. हसू देत. चार दिवस हसतील, पाचव्या दिवशी म्हणतील, "तुमच्या टोपलीत जागा आहे तर माझी एवढी पिशवी टाकता का?" लोकांना दुसऱ्याची टोपली रिकामी बघवत नाही. आणि त्या फ्रेमवाल्याला सांग, तुझ्या खुर्चीला किती पाय आहेत ते मोज आणि मग माझ्या सायकलीची चाकं मोज.

तुला वाऱ्यासारखं जायचंय की कामावर जायचंय, एवढं एकदा ठरव. मला तरी तुझ्या पहिल्या पत्रात वारा दिसला नाही, चाकच दिसलं. भिंगं घासायचं चाक.

तुझी,
ताई


७ मार्च

ती. ताईस,

तुझं ऐकलं. पस्तावलो.

तीनचाकी आणली. दुकानदार म्हणाला, "हिला काय शिकायचंय काका, बसायचं आणि निघायचं." बसलो आणि निघालो. सरळ छान गेली. मनात म्हटलं, ताई म्हणते ते खरं. मग गल्लीचं वळण आलं. डावीकडे वळायचं म्हणून मी डावीकडे झुकलो, आयुष्यभर झुकत आलो तसा. सायकल वळेचना! मी आणखी झुकलो. ती बया नाकासमोर चालली. मी एकीकडे, सायकल दुसरीकडे, आणि समोर शिंप्याचं कुंपण. काटेरी. आत शिरलो तो टोपलीसकट.

शिंपी धावत आला. "काका, लागलं का?" म्हणाला. मग सायकलीकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. खांदे हलत होते त्याचे.

संध्याकाळी पुन्हा काढली. पुन्हा वळण, पुन्हा झुकलो, पुन्हा कुंपण. या खेपेला एक चाक उचललं गेलं आणि मी आडवा झालो. ताई, दोन चाकांवरून पडतात हे समजू शकतो. तीन चाकांवरून कोण पडतं? दुधपित्या पोरांना येतं ते मला येईना. दुकानदार म्हणतो असं कुणाचं झालेलं ऐकलं नाही. म्हणजे कान गेला, तोल गेला, आणि आता बहुतेक डोकंही गेलं.

सायकल अंगणात भिंतीला लावून ठेवलीय. ही तिच्यावर चादरी वाळत घालते. कुठल्या तरी कामाला आली म्हणायची.

मी ठरवलंय. मालकीणबाईंना कळवून टाकतो की चाक दुसऱ्याला द्या. कागद काढून ठेवलाय, मायना लिहिलाय, पुढचं सुचत नाही म्हणून उठतो, फिरतो, परत बसतो. सुचलं की टाकतो. तू यावर काही लिहू नकोस. तुझं पत्र आलं की माझं ठरलेलं मोडतं.

तुझा,
चुळबुळ्या


११ मार्च

चि. चुळबुळ्या,

लिहीत नाही. येते आहे. तो कागद मायन्यावरच राहू दे. माझ्या भावजयीला सांग, गादी उन्हात टाक आणि चहाची पत्ती जास्तीची आणून ठेव. रविवारी पोचेन. स्टँडवर न्यायला येऊ नकोस, तू काठी घेऊन येशील आणि मी तुला शोधत बसेन.

ताई


२३ मार्च

चि. चुळबुळ्यास आशीर्वाद.

नीट पोचले. बसमध्ये मला एकटीलाच हसू फुटत होतं, शेजारची बाई खिडकीकडे सरकली.

खरं सांगते, मी तुला काही शिकवायला आले नव्हते. तू तो कागद पुरा करू नयेस, एवढ्यासाठी आले होते. तुझ्या अंगणात बसायला काही नव्हतं, गुडघे दुखत होते, भावजय चादरी काढत होती, म्हणून मी त्या सायकलीच्या बैठकीवर टेकले. पाय आपोआप पायडलवर गेले. तिथं पाय ठेवायची जागा असली की माझे पाय गप्प बसत नाहीत, मशीनची सवय. आणि ती निघालीच की रे! अंगणभर फिरले. दार उघडं होतं, गल्लीत गेले. मागून तू काठी उगारून ओरडत होतास, "वाक, ताई, वाक! वळण आलं, वाक!" आणि मी म्हणत होते, "कशाला वाकू? इथं कुणाला नमस्कार करायचाय?" हॅंडल वळवलं, वळली. शिंप्याच्या कुंपणाशेजारून गेले तेव्हा तो कुंपण वाचवायला दोन्ही हात पसरून उभा होता, आठवतंय?

तू मला उतरवून जे बघत राहिलास, तसं तू माझ्याकडे कधी बघितलं नव्हतंस. तेव्हा तू विचारलंस, तुला कसं आलं? मला सांगता आलं नाही. बसमध्ये विचार केला, आता सांगते. मला आलं, कारण मला सायकल येत नाही. तुला आलं नाही, कारण तुला येते. तुझ्या अंगात दोन चाकं मुरलीत. वळण दिसलं की अंग आधी झुकतं, हात मागून जातो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तसं. मशीनवर तसं नसतं. पाय खाली आपलं काम करतात, अंग गप्प बसतं, आणि हात कापडाला नुसती वाट दाखवतात. अंगानं टीप वळवायला गेलं तर सुई मोडते.

तेव्हा डोकं गेलेलं नाही. उलट, जे पक्कं डोक्यात बसलंय ते आड येतंय. तुला शिकायचं काहीच नाही, एक जुनं शिकलेलं तेवढं गप्प बसवायचं. ते शिकण्यापेक्षा अवघड, हे कबूल. मी असताना तू अंगणात बरा फिरत होतास. आता कुठवर गेलास? पूल ओलांडलास का? लगेच लिही. पोस्टमन आला की मी टीप अर्धी सोडून उठते, गिऱ्हाइकं बोलायला लागलीत.

तुझी,
ताई


२९ मार्च

ती. ताईस,

गल्ली जमली. शिंपी आता कुंपणापाशी येत नाही, दुकानातूनच हात करतो. मोठा रस्ताही जमला. वळण आलं की दात दाबून धरतो, पाठ ताठ करतो आणि मनात म्हणतो, टीप मारायचीय, टीप. जरा लक्ष गेलं की अंग झुकतंच. रस्ता कडेला उतरता असला की सायकलही तिकडे कलते, आणि आपण पडणारच असं वाटतं. पण पडत नाही.

पूल मात्र नाही.

चार वेळा पुलाच्या पायथ्याशी गेलो आणि चार वेळा परत आलो. पहिल्यांदा म्हटलं वारा आहे. दुसऱ्यांदा गर्दी होती. तिसऱ्यांदा काहीच नव्हतं, तर म्हटलं उद्या जाऊ. काल पायथ्याच्या चहावाल्यानं विचारलं, "काका, रोज इथवर येऊन काय बघता?" म्हटलं, नदी. तो म्हणाला, "मग वर जाऊन बघा की, इथून काय दिसतंय?"

भीती सायकलीची नाही. मधेच कान फिरला तर? डॉक्टर म्हणतात, अधूनमधून चक्कर येत राहील, मान झटकन वळवली की येईल. घराच्या आसपास आली तर भिंत असते, ओळखीचं दार असतं. पुलाच्या मधोमध काय असतं? एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला गाड्या. तिथं हाक कुणाला मारायची?

घरी आलो की जीव लागत नाही, बाहेर पडलो की पूल आडवा येतो. ही म्हणते, "मला बसवा टोपलीत, मी मागून हाका मारते." हसलो, पण रात्रभर कूस बदलत होतो. दहा तारीख जवळ आली. मायना लिहिलेला कागद अजून खणात आहे. आज तो पुन्हा काढून बघितला.

तुझा,
चुळबुळ्या


३ एप्रिल

चि. भाऊस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. फार विचार केला. मी तुला उगाच पुढे ढकलत राहिले, असं वाटायला लागलंय. मी दोन दिवस अंगणात फिरले आणि तुला शहाणपण शिकवलं. पूल मला थोडाच ओलांडायचाय?

तुला जमत नसेल तर राहू दे हो. जिवापेक्षा चाक मोठं नाही. तुम्ही दोघं इकडे या. माझी पुढची खोली मोठी आहे. मला हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही, काज-बटणांचं काम पडून राहतं. तुझी नजर चांगली, हात बारीक कामाचा. खिडकीपाशी खुर्ची टाकू, तू बटणं लाव, मी मशीन चालवते, भावजय आपल्या दोघांना बोलेल. कुठे जायला नको, यायला नको. आरामात राहशील.

कागद पुरा करावासा वाटला तर कर. मी काही म्हणणार नाही. तब्येतीला जप. ऊन फार आहे, डोक्याला रुमाल बांधत जा.

तुझी,
ताई


१३ एप्रिल

ती. ताईस,

तुझं मागचं पत्र वाचून मी घाबरलोच. तू मला 'भाऊ' म्हणालीस! जन्मात कधी म्हणाली नाहीस. शिव्या नाहीत, टोमणा नाही, वर 'राहू दे हो', आणि डोक्याला रुमाल. मी हिला पत्र दाखवून म्हटलं, "ताई माझ्याशी गोड बोलतेय, म्हणजे आपलं काही खरं नाही." ही म्हणाली, "तुम्ही मेल्यावर जसं बोलतील तसंच लिहिलंय." रागावू नकोस. तू मायेनं लिहिलंस, ते पोचलं. पण ती खिडकीपाशीची खुर्ची मला डोळ्यांसमोर दिसायला लागली आणि मी घरात थांबू शकलो नाही.

दहा तारखेला सकाळी लवकर निघालो. पायथ्याशी चहावाल्याकडे बघितलंच नाही, पायडल मारत वर गेलो. चढ अवघड नाही, हळू गेलं की होतं. मधोमध पोचलो आणि मागून ट्रकनं कर्कश हॉर्न दिला. मी झटकन मान वळवली. झालं. कान फिरला. नदी वर आली, आभाळ खाली गेलं, कठडा लाटेसारखा हलायला लागला. माझा पाय पायडलवरून सुटून जमीन शोधायला निघाला, कारण पडण्याआधी पाय टेकायचा असतो ना.

आणि ताई, मग माझ्या लक्षात आलं की मी पडतच नाहीये.

ब्रेक दाबला. अगदी कडेला होतोच. पाय पुन्हा पायडलवर ठेवला. दोन्ही पाय वर, हात हॅंडलवर आणि मी बसून राहिलो. जग फिरत होतं, पण माझी बैठक जागच्या जागी होती. दोन चाकांवर थांबलं की पडतो म्हणून माणूस चालवतच राहतो. आजवर मी रस्त्यात कधी थांबलोच नव्हतो. सिग्नलला थांबलो तरी एक पाय खाली आणि नजर पुढे. पुलाच्या मधोमध मी चक्क खुर्चीत बसल्यासारखा बसलो आणि चक्कर जायची वाट बघितली. मागचे सायकलवाले घंटी वाजवून बाजूनं निघून गेले. एक पोरगी थांबली. "काका, काय झालं?"

"काही नाही. बसलोय."

"पुलावर?"

"हो. जागा चांगली आहे."

ती जराशी घोटाळली, मग हसून गेली. थोड्या वेळानं नदी खाली गेली, आभाळ वर गेलं, कठडा कठड्यासारखा उभा राहिला. मी निघालो.

कारखान्याच्या फाटकात फ्रेमवाला उभा. म्हणाला, "काय हो, आमच्याकडे पण रोज दूध टाकाल का?" म्हटलं, टाकीन, पण रतीब आधी बांधावा लागतो. मालकीणबाई वरच्या खिडकीतून बघत होत्या. त्या खाली आल्या, शेडमधली स्वतःची स्कूटर बाहेर काढून उन्हात लावली आणि म्हणाल्या, "इथं लावा, दोन्ही मागची चाकं आत बसतील." मी त्यांना कानाचं सगळं सांगितलं. म्हटलं, वाटेत कधी थांबावं लागलं तर उशीर होईल. त्या म्हणाल्या, "उशीर चालेल. मधे एकाला तात्पुरतं बसवून बघितलं, तो वेळेवर यायचा, पण भिंगं परत येत होती."

पहिलं भिंग बिघडलं. दुसरं जमलं.

काल परतीच्या वाटेवर पुलावर पुन्हा थांबलो. चक्कर आली नव्हती. उगाच. सारं आयुष्य या पुलावरून गेलो, पण नदीला मधे एक बेट आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

तुझी काज-बटणं पार्सलनं पाठव, पोस्टातून टोपलीत घालून आणीन आणि शनिवारी बसून लावून देईन. पण खुर्ची माझीच असेल. हे सगळं सकाळच्या चहाबरोबर लिहितोय. ही दारात उभी राहून सारखी घड्याळाकडे आणि माझ्याकडे बघतेय. आता तिनं डबा टोपलीत ठेवलाही. उशीर होतोय.

येतो, ताई.